सव्वादोन मिलिमीटरचं खोटं

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी काही महिने इंग्लंडमध्ये होतो. एका शनिवारी करायला काही नव्हतं म्हणून मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात गेलो. एका शाळेचा हॉल, दारात तिकिटाचं टेबल, कोपऱ्यात चहा-केक, आणि हॉलभर टेबलांवर मांडलेली छोटी छोटी स्टेशनं. त्या मांडणीला तिथे 'लेआउट' म्हणतात. एका लेआउटसमोर पोरांची झुंबड होती, कारण तिथे गाड्या थांबतच नव्हत्या. शेजारच्या लेआउटवर एक खेडेगावचं स्टेशन होतं आणि दहा मिनिटं तिथे काहीच घडलं नाही. मग एक इंजिन दोन डबे घेऊन आलं आणि उभं राहिलं. मागच्या आजोबांना विचारलं, गाड्या इतक्या कमी का? ते म्हणाले, "त्या स्टेशनात यायच्याच तेवढ्या." मग त्यांनी रुळांकडे बोट दाखवलं. "ह्या दोन रुळांतलं अंतर बघा, आणि शेजारी जाऊन त्यांचं बघून या."

बघून आलो. प्रामाणिकपणे सांगतो, मला फरक दिसला नाही.

फरक होता २.३३ मिलिमीटरचा. ब्रिटनमधल्या खऱ्या रुळांमध्ये ४ फूट साडेआठ इंच अंतर असतं. तिथल्या सर्वांत लोकप्रिय मापात एक फूट म्हणजे ४ मिलिमीटर. म्हणजे मॉडेलमध्ये अंतर १८.८३ मिलिमीटर हवं. पण दुकानात मिळणारा 'डबल ओ' रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो. तो मुळात एचओ या लहान मापाचा, १:८७ चा. ब्रिटिश इंजिनं आकाराने लहान, त्या मापात केली की आत मोटर मावेना. मग गाडी मोठी केली आणि रूळ तोच ठेवला. त्यामुळे डबल ओमधली प्रत्येक गाडी हिशेबाने ४ फूट दीड इंचाच्या, म्हणजे जगात कुठल्याच मोठ्या रेल्वेच्या नसलेल्या रुळांवर धावते.

हे ज्यांना सहन होईना त्यांनी आधी १८.२ मिलिमीटरचं 'ईएम' वापरलं, आणि १९६० च्या दशकात काहींनी थेट १८.८३ चं 'पी-फोर' मांडलं. त्यात नुसती रुंदी नाही, तर चाकांच्या कडा आणि सांध्यांतल्या फटीही मापात. कडा इतक्या बारीक की रूळ जरा वर-खाली झाला तरी गाडी घसरते. म्हणून चाकांना सस्पेन्शन द्यावं लागतं, रूळ हाताने घालावे लागतात. कुणाच्या आयुष्याची वीस वर्षं एका स्टेशनात जातात. आणि प्रेक्षक तीन फुटांवरून बघून पुढे जातो.

तर प्रश्न असा: जे कुणालाच दिसत नाही, ते बरोबर का करायचं? चुकीचं केलं तर ते खोटं का?

मी लगेच आजोबांच्या बाजूचा झालो. इंजिनिअर माणूस, आपल्याला हे आवडतंच. पण नंतर वाटलं, आजोबांच्या वाफेच्या इंजिनातही इलेक्ट्रिक मोटरच होती की! खरा रूळ वळायला २०० मीटरची त्रिज्या घेत असेल तर मॉडेलमध्ये ती २.६ मीटर हवी. हॉलमध्ये तेवढी जागा कुणाकडे असते? मॉडेल कुठेतरी खोटं असणारच. सगळं खरं करायचं तर ती रेल्वेच होईल.

परत येण्याआधी ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम गावातलं पेंडन म्युझियम पाहिलं. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस १९२५ मध्ये इंग्लंडमध्ये आला. आसपासची जुनी गवती छपरांची घरं डोळ्यांसमोर बदलत चालली, म्हणून त्याने ती मापं घेऊन लहान आकारात करायला सुरुवात केली. १९५४ मध्ये म्युझियम झालं, काम अजून चालू आहे. काचेपुढे वाकून एकेका घराचं छप्पर बघताना माझा तास कसा गेला कळलं नाही. पण तिथले रूळ ईएम आहेत, म्हणजे थोडे अरुंद. आणि मोठी गंमत पुढेच आहे: 'पेंडन पार्व्हा' नावाचं ते गाव कधी नव्हतंच. घरं खरी, वेगवेगळ्या गावांतून उचललेली, पण शेजार कल्पनेतला. म्युझियम हे लपवत नाही. घर कुठलं, ते सांगतात.

तिथे मला माझा प्रश्न चुकलाय असं वाटायला लागलं. खोटं किती मिलिमीटरचं आहे यापेक्षा, बघणारा त्याच्यावर पुढे काय उभारणार आहे, हे विचारायला हवं. हॉलमधलं पोर डबल ओची गाडी बघून आनंदाने घरी जातं, त्या २.३३ मिलिमीटरवर त्याला काही बांधायचं नाही. लहानपणी पुण्यात जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये मीही असाच तोंड उघडं टाकून बघत होतो. माझं कुणी काही फसवलं नाही.

पण मी एकाचं फसवलंय. एका क्लायंटला डेमो द्यायचा होता आणि आदल्या रात्री डेटा यायचा बंद झाला. आम्ही मागच्या आठवड्याचे आकडे भरून स्क्रीन चालवला. ह्यात वावगं काही नाही, डेमो म्हणजे मॉडेलच. कोपऱ्यात 'नमुना डेटा' अशी पिवळी पट्टी होती. 'दिसायला बरी नाही' असं कुणीतरी म्हणालं आणि ती मी काढली. एक ओळ कोड. पलीकडच्या मॅडमनी ते आकडे लाइव्ह समजून पुढच्या महिन्याची तारीख त्यांच्या वरिष्ठांना कळवली. ती तारीख चुकली. मीटिंगमध्ये त्या माफी मागत होत्या आणि मी म्यूटवर होतो. मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून मी काही खोटं बोललो नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं.

आता घरी, प्लायवूडच्या एका फळीवर मी कर्जत स्टेशन करायला घेतलंय, घाटात गाडी ढकलायला मागे लागणाऱ्या बँकर इंजिनांसकट. एचओ मापात करतोय. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्या हिशेबाने १९.२६ हवेत. बाजारात १६.५ मिळतो, म्हणजे बरोब्बर १४३५ चा, मेट्रोचा. त्यावर डेक्कन क्वीन उभी केली की ती मेट्रोच्या रुळांवर उभी असते. हाताने रूळ घालायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गाडी घसरली. शेवटी दुकानातला रूळ टाकला. आईने विचारलं तेव्हा तिला हे अरुंद असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पण वडेवाले कुठायत?"

मॅडमचा नंबर अजून फोनमध्ये आहे. मेसेज दोनदा लिहिला, दोनदा पुसला.