मागे थांबणारा गडी

भंडाऱ्याकडच्या गावांत पोरं फुटबॉलसाठी संघ पाडू लागली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "तू मांगं थांब बे." ज्याला हे ऐकावं लागतं तो अंगाने थोराड तरी असतो, नाहीतर लाजरा. गोल मारण्यात मान आणि मागे थांबणं म्हणजे उरलंसुरलं काम, हे त्या वयातच मनात पक्कं बसतं.

आपल्या भागाचा जीव ज्या कबड्डीत, ती याबाबत न्यायी आहे. चढाई करणाऱ्याला गुण मिळतो तसा पकड करणाऱ्यांनाही मिळतो. प्रो कबड्डीत मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड झाली तर दोन गुण. फुटबॉलमध्ये बचावपटूने दहा वेळा संघ वाचवला तरी फलकावरचा आकडा हलत नाही. तो एकदा चुकला की हलतो. धानाच्या बांधीचा धुरा फुटल्यावरच नजरेत भरावा, तसं हे.

म्हणून राहुल भेके या मराठी बचावपटूची कारकीर्द मला मोलाची वाटते. जन्म १९९० चा, मुंबईचा. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल असे क्लब करत तो २०१७ मध्ये बेंगळुरू एफसीत पोचला. १७ मार्च २०१८ ला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना बेंगळुरू घरच्या मैदानावर ३-२ असा हरला. चेन्नईयिनचे दोन गोल कॉर्नरवरून झाले, आणि दोन्ही वेळा डोक्याने चेंडू आत घालणारा मैल्सन आल्व्हेस हा त्यांचा बचावपटू होता! बरोबर वर्षाने, १७ मार्च २०१९ ला, मुंबईत गोव्याविरुद्ध पुन्हा अंतिम सामना. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळही सरत आलेला, पेनल्टी शूटआउट समोर दिसू लागलेलं. तेवढ्यात डिमास डेल्गाडोचा कॉर्नर आला आणि भेकेने उडी घेऊन डोकं लावलं. सामन्यात तोच एक गोल. बेंगळुरूचं पहिलं आयएसएल विजेतेपद.

भारताकडून तो पहिल्यांदा खेळला त्यानंतर, जून २०१९ मध्ये, थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये कुरासाओविरुद्ध. वय २८.

या आकड्याशी आपल्याकडच्या कितीतरी पोरांचं नातं आहे. पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८ च. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारी, गोळाफेकीचा गोळा पिशवीत घेऊन हिंडणारी पोरं साकोली-लाखनीकडेही दिसतात. त्यांतली काही शाळेत चांगली खेळायची. पण घरात धानाचा हिशोब जमत नसला की खेळ आधी सुटतो, आणि त्यासाठी मी त्यांना बोल लावणार नाही. सलतं ते एवढंच, की मागे खेळणाऱ्याची समज उशिरा पिकते. समोरचा कुठे वळणार हे ओळखायला वर्षं जातात, आणि ती वर्षं यायच्या आतच आपला गडी मैदानाबाहेर गेलेला असतो.

मैदानात टिकून राहिलं तर काय होतं, ते बघा. जपानचा युतो नागातोमो मेइजी विद्यापीठात असताना दुखापतीमुळे खेळू शकत नव्हता. तेव्हा तो प्रेक्षकांत बसून आपल्याच संघासाठी ढोल बडवायचा. पुढे तोच डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून इंटर मिलानकडून खेळला आणि २०१० ते २०२२ असे चार विश्वचषक खेळला. शेवटच्या वेळी तो ३६ वर्षांचा होता.

आणि आपला भेके? एप्रिल २०२२ मध्ये रियाधला त्याच्या तेव्हाच्या क्लबने, मुंबई सिटीने, इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. विजयी गोल भेकेचा, तोही डोक्यानेच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.