समानधर्म्यांचा न्याय

शास्त्रीय मासिकांत कोणताहि लेख छापण्यापूर्वीं त्याच शास्त्रांतील दोघांतिघांचा अभिप्राय घेण्याची रीत आहे. संपादक प्रथम चाळणी लावतात. उरलेले लेख परीक्षकांकडे जातात. ते 'घ्यावा', 'सुधारावा' किंवा 'परत करावा' असें कळवितात. अखेरचा शब्द संपादकांचा. सूतिकाशास्त्राच्या मासिकांत पुष्कळदां लेखकाचें नांव परीक्षकापासून व परीक्षकाचें लेखकापासून झांकून ठेवितात. लंडनच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नें मात्र १९९९ पासून परीक्षकाचें नांव लेखकास कळविण्यास प्रारंभ केला. आम्हांस हाच मार्ग बरा वाटतो. निनांवी अभिप्राय आम्हींहि लिहिले आहेत, आणि खालीं सही नसली म्हणजे लेखणी किती धीट होते हें आम्हांस ठाऊक आहे.

परंतु नांवाचा प्रश्न त्या मानानें गौण होय. या न्यायाची सारी प्रतिष्ठा परीक्षक लेखकाच्या बरोबरीचा असण्यावर आहे. आमच्या विदर्भाचा भवभूति ज्या समानधर्म्याची वाट पाहत राहिला, तो हाच, हें ठरवावें कशावरून?

उदाहरण जवळचेंच घेऊं. कुही तालुक्यांत अंभोऱ्याजवळून जाणारी वैनगंगा पुढें गडचिरोली जिल्ह्याच्या कडेनें वाहते. त्या जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील सुइणींस बालकांचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविलें. ज्यांना मोठे आंकडे मोजतां येत नसत त्यांच्याकरितां मण्यांचें व वाळूच्या घड्याळाचें एक साधन केलें: दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. या सुइणींच्या कामावरील लेख १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाला.

अशा लेखाचा परीक्षक काय पाहतो? तुलनेचीं गांवें खरोखर तुलनेजोगीं होतीं काय, मृत्यूंची नोंद दोहींकडे सारख्याच काळजीनें झाली काय, निष्कर्ष आंकड्यांच्या पुढें धांवला आहे काय. ही तपासणी नसेल तर कोणाहि भोंदूची पुडी बालकांची संजीवनी म्हणून छापली जाईल. तेव्हां तिचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. पण ज्या पहिल्या आंकड्यावर सर्व कोष्टकें उभीं, तो एका निरक्षर बाईनें झोंपडींत बसून, लेंकराच्या छातीकडे टक लावून मिळविलेला असतो. परीक्षक तेथें नसतो. तो विश्वास ठेवितो, आणि तोहि अशा व्यक्तीवर, जिला तो आपल्या पंक्तीस कधीं बसविणार नाहीं!

कुहीजवळच्या एका खेड्यांतील वृद्ध सुइणीस आम्हीं या मण्यांची हकीकत सांगितली. किती मुलें वांचलीं हें तिनें विचारलेंच नाहीं. ती म्हणाली, "मास्तर, दिवसा मोजलं का राती? राती चिमणीच्या उजेडात लेकराची छाती दिसते तरी का?"

इतक्या वर्षांच्या आमच्या अभिप्रायांत या तोडीचा प्रश्न आम्हांस एकदांहि सुचलेला नाहीं.