वाळवंटापूर्वीची शिदोरी

सुलतान बाजारात हिवाळ्यातही संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. साड्यांची दुकाने, बडी चावडीकडून येणारी गर्दी, आणि डोक्यावरून 2020 पासून धावणारी मेट्रो. या गलबल्यात मान वर करून आभाळाकडे बघायला कोणाला सवड? पण बघितले, तर या दिवसांत हैदराबादवरून भोरड्यांचे थवे मुक्कामाच्या झाडांकडे जाताना दिसतात.

इथल्या मराठी घरांना भोरडी परकी नाही. नांदेड, परभणी, बीडकडच्या कितीतरी कुटुंबांत जोंधळा राखण्याच्या आठवणी आहेत. माळ्यावर उभे राहून, गोफण फिरवून हाकलायच्या त्या याच भोरड्या. काळे डोके, गुलाबी पाठ आणि पोट, मैनेएवढा पक्षी. पळसमैना म्हणतात तीही हीच. ती मूळची मध्य आशियातल्या गवताळ मुलखाची. कझाकस्तानच्या माळांवर टोळ खाऊन पिल्ले वाढवते आणि आपल्याकडे पाऊस चालू असतानाच भारतात येऊ लागते. त्या माळांच्या आणि दख्खनच्या मध्ये किझिलकुम आणि काराकुमची वाळवंटे आहेत, बलुचिस्तानचा उजाड प्रदेश आहे आणि शेवटी थर आहे.

भोरडी तशी दणकट. तिच्यापेक्षा कितीतरी लहान गाणारे पक्षीही असली वाळवंटे ओलांडतात. युरोपातून आफ्रिकेत जाणाऱ्या वटवट्यांना तर सहारा पार करावा लागतो. उत्तर-दक्षिण दीड-दोन हजार किलोमीटर वाळू आणि खडक. काहींचे वजन 10 ग्रॅमही भरत नाही. ते हे कसे साधतात, याचा शास्त्रज्ञांनी रडारने आणि पक्ष्यांच्या अंगावर बसवलेल्या चिमुकल्या उपकरणांनी माग काढला आहे.

बहुतेक पक्षी रात्रीच्या गारव्यात उडतात आणि ऊन चढले की खडकाच्या किंवा झुडपाच्या सावलीत निपचित बसून राहतात. मोठा बोरू-वटवट्या मात्र कधी कधी दिवसाही उडत राहतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की रात्री अडीच हजार मीटरच्या आसपास असलेला हा पक्षी उजाडताच पाच हजार मीटरच्याही वर चढतो. उन्हाने तापणारे अंग त्या गार हवेत थंड राहत असावे, असे अभ्यासकांना वाटते.

पण खरे रहस्य उड्डाणाच्या आधीच्या दिवसांत आहे. निघण्यापूर्वी हे पक्षी किडे आणि फळे खाऊन अंगावर चरबी चढवतात. काहींचे वजन जवळजवळ दुप्पट होते. चरबी जळली की बळ मिळते, शिवाय शरीरात पाणीही तयार होते: एक ग्रॅम चरबीमागे एक ग्रॅमहून किंचित जास्त. चरबीबरोबर स्नायू आणि आतडीही काही प्रमाणात खर्ची पडतात. म्हणून वाळवंट ओलांडून आलेल्या पक्ष्याला समोर अन्न असूनही लगेच पोटभर खाता येत नाही. आधी आतडी पूर्ववत व्हावी लागतात.

आपण कौतुक करतो ते झेपेचे. झेप दिसते, तिच्यामागची शिदोरी दिसत नाही. ज्या दिवसांत काहीच घडत नव्हते, पक्षी नुसता या फांदीवरून त्या फांदीवर किडे टिपत होता, त्याच दिवसांत त्याने वाळवंट अर्धे जिंकलेले असते. माणसाचेही असेच आहे. संकटात टिकून राहणाऱ्याचे धैर्य आपण वाखाणतो. ते धैर्य मात्र बरे दिवस असताना केलेल्या वाचनातून, कष्टातून, जोडलेल्या माणसांतून साठलेले असते. ऐन संकटात ते कोणाला उसने मिळत नाही.

यातली आणखी एक गोष्ट आपल्याशी थेट जोडलेली आहे. शिदोरी पक्षी स्वतः बांधतो, पण ती बांधायला जागा लागते. ती जागा राखणे त्याच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. मार्च-एप्रिलमध्ये भोरड्या परत निघतात. त्याआधीच्या आठवड्यांत पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असतात आणि वड-पिंपळाची फळे पिकत असतात. याच झाडांवर मध आणि फळे खाऊन त्या परतीच्या वाटेला लागतात. दख्खनमधले असे एक झाड तुटले, की हजारो किलोमीटरवरच्या वाळवंटातली त्यांची वाट तेवढी अवघड होते.

म्हणून आज एवढेच करावे. घरासमोरचा पिंपळ पानांचा कचरा होतो म्हणून, रस्त्याकडेचा पांगारा जागा अडवतो म्हणून तोडण्याची गोष्ट निघाली, तर आपण नाही म्हणावे. आणि स्वतःचे दिवस बरे चालले असतील, तर ते वाया घालवू नयेत. शिदोरी बांधायची वेळ हीच आहे.