स्वामित्व आणि सांभाळ

एखादी वस्तु आपली आहे, असें मनुष्यानें केव्हां म्हणावें? पैसे मोजून घेतली म्हणजे ती आपली झाली, असें व्यवहार सांगतो. परंतु हल्लीं घरांतील छायाचित्रें, पत्रें आणि हिशेबाचे कागद बहुधा दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रांवर असतात, व ती कंपनी आपल्या सोयीनें नियम बदलूं शकते. अनेक संकेतस्थळांवरील नवें लेखन एके ठिकाणीं वाचण्याची 'गूगल रीडर' ही सोय 2013 सालीं बंद झाली. ती चालू ठेवावी अशी विनंति असंख्य वाचकांनीं केली, पण निर्णय त्यांच्या हातीं नव्हता. जिला आपण आपली समजत होतों ती वस्तु भाड्याच्या खोलीसारखी निघाली, म्हणजे मालकीचा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाहीं.

ह्या परावलंबनास कंटाळून कांहीं मंडळी लिनक्सचा आश्रय करितात. लिनस टोरवाल्ड्स ह्या हेलसिंकी येथील विद्यार्थ्यानें 1991 सालीं ह्या कार्यास आरंभ केला. त्याची घडण कोणासही पाहतां येते, बदलतां येते आणि दुसऱ्यास देतां येते. कांहीं जण ह्याहून पुढें जाऊन घरच्या कोपऱ्यांत एक लहानसा सर्व्हर मांडतात आणि कुटुंबाचा सारा ठेवा त्यावर ठेवतात. परंतु ह्या स्वातंत्र्याबरोबर किती कटकटी घरांत येतात! मिटलेला लॅपटॉप उघडावा, तों पडदा काळाच. काल चालणारें वायफाय आज नव्या कर्नेलशीं जुळत नाहीं. बैठकींत आपला पडदा दाखवावयास जावें, तों समोरच्या मंडळीस कांहींच दिसत नाहीं. घरच्या सर्व्हरावरील 'नेक्स्टक्लाउड' एकही मुख्य आवृत्ति गाळून पुढें जाऊं देत नाहीं. म्हणून ज्यानें दोन वर्षें आळस केला, त्यास एकेक पायरी चढत सारी रात्र काढावी लागते. सुरक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, कीं सर्वांचे फोन एकदम कुरकुरूं लागतात.

मग मनुष्य हें सोसतो कां? ह्याचें उत्तर हरणाऱ्या फुटबॉल-संघाच्या पाठीराख्यास ठाऊक असतें. पावसांत भिजून, पराभव पाहून तो घरीं येतो आणि 'ते हरले' असें न म्हणतां 'आम्ही हरलों' असें म्हणतो. वास्तविक क्लब बहुधा एखाद्या धनिकाचा आणि खेळाडू पगाराचे. पाठीराख्याच्या वांट्यास तिकिटाचा खर्च व मनस्ताप एवढेंच येतें. तेव्हां त्याचें हें 'आम्ही' म्हणणें भ्रमाचें आहे काय? लंडनच्या विंबल्डन भागांतील लोकांवर हा प्रश्न प्रत्यक्ष येऊन आदळला.

विंबल्डनच्या संघानें 1988 सालीं बलाढ्य लिव्हरपूलला 1-0 असें हरवून एफ. ए. चषक जिंकला होता. पुढें मालकांस क्लब तेथून सुमारें 90 किलोमीटर दूर, मिल्टन कीन्स येथें न्यावासा वाटला, आणि 28 मे 2002 रोजीं तीन सभासदांच्या आयोगानें दोन विरुद्ध एक मतानें त्यास संमति दिली. नवा क्लब काढणें फुटबॉलच्या व्यापक हिताचें नाहीं, असाही अभिप्राय आयोगानें दिला. पाठीराख्यांनीं तो मानला नाहीं. त्यांनीं 'ए. एफ. सी. विंबल्डन' नांवाचा क्लब स्थापिला, सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड-चांचणी घेतली, आणि अगदीं खालच्या श्रेणींतून आरंभ करून नऊ हंगामांत पांच वेळां बढती मिळवीत 2011 सालीं इंग्लिश फुटबॉल लीगमध्यें प्रवेश केला. 2020 सालीं ते आपल्या जुन्या प्लॉ लेनवर, नव्या मैदानांत, परतले. म्हणजे मालकानें नेला तो क्लबचा कायदेशीर देह. 'आम्ही' म्हणणारे लोक होते तेथेंच राहिले, आणि त्यांच्यापाशीं क्लबही राहिला.

मुक्त सॉफ्टवेअरमध्यें हाच हक्क परवान्यानेंच दिलेला असतो. 2010 सालीं 'ओपनऑफिस'मधून 'लिब्रेऑफिस' निघालें, 2016 सालीं 'ओनक्लाउड'मधून 'नेक्स्टक्लाउड' निघालें. मतभेद झाल्यावर लोकांनीं सारी घडण बरोबर घेऊन वेगळी चूल मांडली. मालकीचें मर्म आम्हांस येथें दिसतें. आपली वस्तु त्रास देत नाहीं असें नव्हे; त्या त्रासावर उपाय करण्याचा मार्ग आपणांस मोकळा असतो.

परंतु ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हा मार्ग मोकळा कोणास? घरचा सर्व्हर बहुधा एकाच व्यक्तीस समजतो. मुलांचीं छायाचित्रें उघडत नाहींत म्हणून घरची मंडळी त्याच्याकडे पाहतात. तो परगांवीं असेल तर थांबतात. आणि तो उद्यां ह्या जगांत नसला, तर परवलीच्या शब्दांसह सारा ठेवा कुलुपांत राहतो. त्यानें कंपनीचें दास्य सोडलें खरें, पण घरच्यांस आपल्यावर अवलंबून ठेविलें. असें स्वातंत्र्य घराचें नव्हे, एकट्याचें होय.

एकट्याच्या खांद्यावरील हा भार किती धोक्याचा, तें 2024 च्या मार्चमध्यें जगास कळलें. 'एक्सझेड' हें माहिती दाबून लहान करणारें साधन असंख्य लिनक्स-यंत्रांवर असतें. परंतु त्याचा सांभाळ वर्षानुवर्षें मुख्यतः एकच गृहस्थ आपल्या फावल्या वेळांत करीत असे. मदतीच्या मिषानें कोणी तोतया दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादीत राहिला आणि अखेर त्यानें त्यांत चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश करितांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, असें आढळलें. त्यानें ह्या क्षुल्लक कटकटीचा माग काढला, म्हणून अनर्थ टळला. ह्या प्रसंगीं ना घडण उघडी असणें एकटें पुरेसें झालें, ना एकाची निष्ठा. त्या घडणीकडे पाहणारा दुसरा डोळा मिळाला, तेव्हां ती वांचली.

विंबल्डनचा क्लबही कोणा एका कर्तबगार पुरुषानें तारलेला नाहीं. तो पाठीराख्यांच्या संस्थेच्या ताब्यांत आहे, आणि तेथें सभासदास पैशाच्या प्रमाणांत नव्हे, तर माणशीं एक मत असतें. मैदान बांधतांना पैसा कमी पडला, तेव्हां बाहेरच्या धनिकाच्या हातीं सूत्रें देण्याऐवजीं लोकांनीं रोख्यांच्या रूपानें 50 लाख पौंडांहून अधिक रक्कम क्लबास उसनी दिली.

म्हणून आमचें म्हणणें असें, कीं त्रास सोसणें हा मालकीचा पुरावा नव्हे; तो त्रास वांटून घेण्याची व्यवस्था हाच तिचा पुरावा. ज्यानें घरीं सर्व्हर मांडला, त्यानें परवलीचे शब्द कागदावर लिहून कपाटांत ठेवावे, नकलेवरून सारें परत उभें करून पाहावें, आणि घरांतील दुसऱ्या एकास तरी तें शिकवावें. शिकण्यास कोणी तयार नसेल, तर आपला ठेवा दुसऱ्या कोणा विश्वासू हातीं देण्यांत कमीपणा नाहीं. हट्टापायीं घरच्यांच्या आठवणी पणास लावण्यांत मात्र आहे. आणि ज्यांस ह्यांतलें कांहींच करतां येत नाहीं, त्यांनीं दोष दिसला तर शिवीऐवजीं तो नीट लिहून कळवावा, चार पैसे पाठवावे. एरवीं फुकट मिळालेल्या वस्तूस आपली म्हणण्याचा आपणांस अधिकार तो कोणता?