गुण आणि गुणदान : आस्वादाच्या मोजमापाचा नैतिक प्रश्न

मराठीत 'गुण' या एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टींचा निर्देश होतो. वस्तूच्या ठायी असणारा धर्म हा गुण. आणि परीक्षकाने त्या वस्तूस दिलेला आकडा हाही गुणच. पहिला गुण वस्तूत 'असतो', दुसरा तिला 'दिला' जातो. वैशेषिकांनी रस, म्हणजे चव, हा चोवीस गुणांपैकी एक मानला. काव्यशास्त्राने माधुर्य, ओज आणि प्रसाद हे गुण सांगितले. आणि शाळेतल्या उत्तरपत्रिकेने गुण म्हणजे समासात लाल शाईने लिहिलेला आकडा, असा अर्थ रूढ केला. असलेल्या गुणाचे रूपांतर दिलेल्या गुणात होते तेव्हा नेमके काय घडते, काय हरवते आणि त्या हरवण्याला कोण जबाबदार असते, हा सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही प्रश्न आहे.

त्याचे एक स्वच्छ उदाहरण म्हणून ओटमील स्टाउट या गडद बिअरच्या परीक्षणाकडे पाहता येईल. काळसर होईतो भाजलेल्या सातूच्या धान्यातून येणारा कडवटपणा, कॉफीची वा कडू चॉकलेटची आठवण करून देणारा गंध (प्रत्यक्षात चॉकलेट घातलेले नसले तरीही तो येतो), ओटमुळे आलेला मऊ, दाट स्पर्श, आणि तीव्र प्रकारात या सर्वांखाली जाणवणारी मद्यार्काची ऊब, असा हा संमिश्र अनुभव असतो. अमेरिकेत 1985 साली सुरू झालेल्या बिअर-परीक्षकांच्या प्रमाणन-संस्थेच्या गुणपत्रिकेत एकूण 50 गुण असतात : गंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, मुखस्पर्शाला 5 आणि एकूण ठशाला 10. पेयाचे नाव परीक्षकापासून लपवलेले असते, आणि प्रत्येक रकान्यापुढे वर्णनासाठी कोऱ्या ओळी असतात.

या पत्रिकेतील शेवटचा रकाना सर्वांत बोलका आहे. गंध, रूप, चव आणि स्पर्श यांचे मोजमाप झाल्यावर मोजण्याजोगे काही उरतच नसेल, तर 'एकूण ठसा' कशासाठी? हा रकाना म्हणजे बेरजेच्या पद्धतीने स्वतःच दिलेली एक कबुली आहे. अवयवांची बेरीज म्हणजे अवयवी नव्हे, हे पत्रिका करणाऱ्यांना ठाऊक होते. मात्र त्या जाणिवेलाही त्यांनी 10 गुणांचा आकडा दिला.

भारतीय रसचर्चेला ही अडचण अपरिचित नाही. भरताने रसाचे स्वरूप सांगताना नाना व्यंजनांनी संस्कारित अन्नाचा आणि ते आनंदाने सेवन करणाऱ्या प्रसन्नचित्त भोक्त्याचा दृष्टान्त घेतला. अभिनवगुप्ताचे मत मांडताना मम्मटाने पानकरसाचा न्याय वापरला. गूळ, मिरे आदींपासून केलेल्या पेयाची चव यांपैकी कोणत्याही एका घटकाची नसते, आणि घटक वेगवेगळे चाखून ती मिळतही नाही. मराठीतील 'पन्हे' हा शब्द याच 'पानका'तून आला आहे. पानकरसाच्या न्यायाने पाहता गुणपत्रिकेचे पहिले चार रकाने सामग्रीविषयी बोलतात, रसाविषयी नव्हे.

पाश्चात्त्य परंपरेतही मद्याचे उदाहरण आस्वादमीमांसेच्या केंद्राशी आलेले दिसते. कांटने 1790 मध्ये सुखद आणि सुंदर यांत भेद केला : मद्य 'मला' रुचकर वाटते एवढेच म्हणता येते, तेथे इतरांच्या संमतीची मागणी करता येत नाही. ह्यूमने 1757 च्या आपल्या निबंधात 'डॉन किहोटे'मधील सांचोच्या दोन नातलगांची गोष्ट याहून वेगळ्या हेतूने वापरली. पिंपातले मद्य चाखून एकाला चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. दोघांचीही थट्टा झाली. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली सापडली. रुची सूक्ष्म असू शकते आणि तिचा निवाडा खरा ठरू शकतो, हे ह्यूमला दाखवायचे आहे. मात्र या गोष्टीतील एका अटीकडे सहसा लक्ष दिले जात नाही : पिंप तळापर्यंत रिकामे होईतो ते जपले गेले होते. बहुमताच्या थट्टेवर विसंबून ते आधीच फेकून दिले असते, तर किल्ली कधीच सापडली नसती, आणि ते दोघे कायमचे खोटे ठरले असते.

या अटीचे नैतिक वजन कळण्यासाठी मद्यशाळेतून बाहेर पडावे लागते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत आहे. तेथील डोंगरांत महादेव कोळी समाज हिरडा गोळा करतो. आयुर्वेदाने हरीतकीत लवण वगळता पाचही रस मानले आहेत. तिच्यातील रसवैविध्य कोणत्याही स्टाउटला मागे टाकील. बाजारात मात्र तिच्यासाठी एकच रकाना आहे, तो म्हणजे किलोचा भाव. याच भागात काळभात हा सुवासिक देशी भात पिकत आला आहे. त्याचा गंध व चव यांना संकरित वाणांच्या स्पर्धेत स्थान नव्हते; तेथे हेक्टरी क्विंटल हा एकमेव निकष होता. स्टाउटच्या गुणपत्रिकेत गंधाला 12 गुण तरी आहेत. भाताच्या बाबतीत तो रकानाच कोणी आखला नाही.

त्याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे-बँक उभी केली, आणि 2020 च्या पद्मश्री सन्मानासाठी त्यांची निवड झाली. त्या शाळेत गेल्या नाहीत. तथापि, ह्यूमने खऱ्या रसज्ञाची जी लक्षणे सांगितली आहेत, म्हणजे समंजस बुद्धी, संवेदनेची सूक्ष्मता, दीर्घ अभ्यास, तुलनेची सवय आणि पूर्वग्रहापासून मुक्तता, ती घराघरांतून बी निवडणाऱ्या, जपणाऱ्या आणि रांधणाऱ्या स्त्रियांना लावून पाहिली, तर अभ्यास आणि तुलना या दोन बाबतींत तरी कोणताही प्रमाणित परीक्षक त्यांच्यापुढे नवखा ठरेल. तरीही रसज्ञ म्हणून त्यांचा विचार झाला नाही. सहृदयत्व ही केवळ मनाची पात्रता नसते; समाज ते कुणाला मान्य करतो आणि कुणाला नाकारतो, याचाही त्यात वाटा असतो.

येथे दोन गुणदानांतील निर्णायक फरक स्पष्ट होतो. एखाद्या स्टाउटला 50 पैकी 22 गुण मिळाले तर फारसे बिघडत नाही. निवाडा चुकीचा असल्यास दुसरा परीक्षक तेच पेय पुन्हा चाखू शकतो. कमी गुण मिळालेले वाण मात्र पेरले जात नाही. आणि जे सतत पेरले जात नाही त्याचे बी उगवणशक्ती गमावते. पुढे कधी निकष बदलले, गंधाचा रकाना आखला गेला, तरी त्यात गुण देण्यासाठी वस्तूच शिल्लक नसते. असे गुणदान आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच नष्ट करते. बियाणे-बँकेचे महत्त्व केवळ शेतीपुरते नाही, ते ज्ञानमीमांसेचेही आहे : पिंप रिकामे होईपर्यंत ती ते जपून ठेवते.

यावरून आकडा सर्वस्वी त्याज्य ठरवावा, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. आकडा नाकारणारा रसिक पुष्कळदा आपल्या रुचीला प्रश्नच विचारला जाऊ नये, अशी व्यवस्था करत असतो. 'अनुभव अनिर्वचनीय आहे' हे विधान नम्रतेचे असू शकते, तसेच सत्तेचेही. गुणपत्रिका निदान आपले रकाने उघड करते, नाव झाकून चाखायला लावते, आणि एक निवाडा दुसऱ्याशी ताडून पाहू देते. हिरडा गोळा करणाऱ्यालाही प्रतवारीचा जाहीर निकष नसेल तर व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावरच विसंबावे लागते. मोजमापाचा अभाव म्हणजे न्याय नव्हे.

तेव्हा भेद आकडा आणि अनुभव यांत नसून उत्तरदायी आणि अनुत्तरदायी गुणदानात आहे. ज्या पत्रिकेत आकड्यापुढील कोऱ्या ओळी आकड्याला आव्हान देऊ शकतात, ज्यात वर्णनाच्या बळावर नवा रकाना आखता येतो, आणि जी हरलेल्या वस्तूलाही पुन्हा चाखले जाण्यासाठी टिकू देते, ती नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरते. जेथे हे तिन्ही नसते तेथे आकडा निवाडा राहत नाही, तो केवळ विल्हेवाट होतो.

साहित्यसमीक्षेला हा विचार दूरचा वाटण्याचे कारण नाही. पारितोषिके, अभ्यासक्रम, वाङ्मयेतिहासातील उल्लेख ही सर्व गुणदानेच आहेत. कलाकृतीचा निकष लयीत शोधणारे मर्ढेकर असोत वा सौंदर्यकल्पनेची दोन ध्रुवे मानणारे रा. भा. पाटणकर असोत, निकषांची चर्चा मराठीत कसोशीने झाली आहे. नाकारलेल्या कृतीचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र तिच्या कडेलाच राहिला. जी कविता अभ्यासक्रमात येत नाही ती पुन्हा छापली जात नाही. जी छापली जात नाही तिचा पुनर्विचार करणाऱ्या वाचकाला ती मिळतच नाही. आपले सर्व निवाडे बरोबर असतील अशी हमी समीक्षकाला देता येणार नाही. आपला निवाडा चुकला असे सिद्ध करण्याची संधी पुढच्या वाचकासाठी शिल्लक ठेवणे मात्र त्याच्या हाती असते, आणि गुण देण्याचा त्याचा अधिकार तेवढ्यावरच उभा असतो.