मूळ आणि घडण

घरी पाहुणा आला, गूळपाणी झाले, की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपले मूळ गाव कोणते? उत्तरात कुणी कोकणाचे नाव घेतो, कुणी गोव्याचे, कुणी घाटावरचे. ‘आम्ही जोयड्याचेच’ असे उत्तर क्वचित ऐकू येते. चार-पाच पिढ्यांच्या अस्थी काळी नदीच्या पाण्यात गेल्या, तरी कागदोपत्री आम्ही कोठून तरी आलेलेच! माणूस कोठला, हे उगमावरून ठरवावे की वास्तव्यावरून? हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे. जमिनीवरचा हक्क, शेजाऱ्याचा मान आणि आपली कर्तव्ये या उत्तरावर अवलंबून असतात.

या संदर्भात डॉ. मधुकर केशव ढवळीकर यांच्या कार्याचे स्मरण होते. १९३० साली जन्मलेल्या ढवळीकरांनी उमेदीची काही वर्षे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात घालविली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते डॉ. हसमुख सांकलियांचे सहकारी झाले, आणि कालांतराने त्या संस्थेचे संचालकही. २०१८ साली ते निवर्तले. राजे, शिलालेख आणि नाणी यांच्या ओढीने पुष्कळजण या विद्येकडे वळतात. ढवळीकरांचे नाव मात्र अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांच्या एका खेड्याशी कायमचे जोडले गेले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजाने उत्खनन केले. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि ढवळीकर यांनी त्या कामाची धुरा वाहिली.

इनामगावची वस्ती सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली. तेथील पहिले रहिवासी माळवा संस्कृतीचे, म्हणजे उत्तरेकडून आलेले. दोनेक शतकांनी त्यांच्या भांड्यांची घडण बदलली, रंग बदलला, आणि जिला आज आपण जोर्वे संस्कृती म्हणतो ती दख्खनच्या मातीत आकाराला आली. पुढे हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते. तात्पर्य, इनामगावकर कोण होते हे ते कोठून आले एवढ्यावरून कळत नाही. नऊशे वर्षांत तेथे त्यांनी काय केले आणि काय सोसले, त्यावरून कळते.

या गावातली एक चाल मनाला चटका लावते. मूल दगावले की त्याचा देह दोन रांजणांत ठेवून, रांजणांची तोंडे एकमेकांस भिडवून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. प्रौढांना पुरताना बहुधा त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. मृताने दूर जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. ज्या भूमीत आपले मूल ठेवले, ती परकी कशी राहील? त्या लोकांना ‘मूळ गाव’ विचारले असते, तर त्यांनी पायाखालची जमीन दाखविली असती, असे आम्हांस वाटते.

असाच वाद युरोपातही पुष्कळ काळ चालला. रोमच्या उदयापूर्वी मध्य इटलीत नांदलेले इट्रुस्कन लोक आशिया मायनरमधील लिडियातून आले, असे हेरोडोटसने लिहिले; ते तेथलेच, असे हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसने म्हटले. त्यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या मास्सिमो पाल्लोत्तिनो (१९०९–१९९५) या इटालियन पंडिताने प्रश्नच बदलला. हे लोक कोठून आले हे विचारू नका, ते इटलीत कसे घडले ते पाहा, असा त्यांचा आग्रह होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात इट्रुस्कन आणि त्यांचे लॅटिन शेजारी यांची वंशपरंपरा बरीचशी सारखी आढळली. भाषा भिन्न, पण रक्त जवळजवळ एकच. घडणीचे महत्त्व याहून अधिक स्पष्ट कसे व्हावे?

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. मूळ महत्त्वाचे नाही, असे म्हणणे उशिरा आलेल्याला फारच सोयीचे असते! या रानात आमच्याआधी कुणबी राहत होते. आमच्या पूर्वजांना वाटा, पाणवठे आणि कंद त्यांनीच दाखविले असतील. घडणीचा सिद्धान्त त्यांचे आधीपण पुसण्यासाठी वापरला, तर तो सिद्धान्त नव्हे, पळवाट ठरेल. उगमावरून हक्क सिद्ध होत नाही, हे खरे. पण आधीच्यांचे ऋण त्यामुळे फिटत नाही. आम्ही येथे घडलो, तर कोणाच्या संगतीने घडलो, हेही सांगितले पाहिजे.

ढवळीकरांच्या व्यवसायात या ऋणाची एक कठोर रीत आहे. उत्खनन म्हणजे एक प्रकारचा विनाश. उकरलेला थर पुन्हा जसाच्या तसा रचता येत नाही. म्हणून जो जमीन उघडतो, त्याने तिचा हिशेब लिहून द्यावयाचा असतो. इनामगावचा सविस्तर अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. पुढे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लिहून ढवळीकरांनी तो इतिहास सामान्य मराठी वाचकापर्यंतही नेला.

आमच्याकडे हा हिशेब अपुरा आहे. १९८७ साली १०१ मीटर उंचीचे सुपा धरण पूर्ण झाले आणि ज्या सुपा गावाच्या नावाने हा तालुका ओळखला जाई, ते गावच पाण्याखाली गेले. कितीतरी कुटुंबे रामनगरला गेली. उंबरे, तुळशीवृंदावने, देवळांच्या पायऱ्या जेथल्या तेथे राहिल्या. तेथे कुदळ चालणार नाही. जे वाचावयाचे ते वृद्धांच्या आठवणींतच.

आमच्या घराण्यांचे कुलवृत्तान्त मूळ पुरुषापासून सुरू होतात आणि पूर्वज या रानात पोहोचले की बहुधा संपतात. वास्तविक त्यांनी तेथून सुरू व्हावयास हवे. कोणत्या ओढ्याचे पाणी शेताला घेतले, कोणाच्या मदतीने पहिले घर उभे राहिले, बुडालेल्या घरात माजघर कोणत्या बाजूस होते, कोणते मूल तेथे गेले, हे लिहून ठेवावे. कुणबी शेजाऱ्यांची नावेही त्यात असावीत. मग एखाद्या नातवाला कोणी मूळ गाव विचारले, तर ‘जोयडा’ म्हणताना त्याला संकोच वाटू नये.