त्रिरेषा, दिशा आणि खेळाची कथा

चिनी 'यीचिंग' या प्राचीन ग्रंथातील विश्वकल्पना तीन रेषांच्या आठ आकृतींवर, म्हणजे त्रिरेषांवर, उभी आहे. अखंड रेषा यांग या सक्रिय तत्त्वाची आणि तुटक रेषा यिन या ग्रहणशील तत्त्वाची असून, या आकृती आकाश, पृथ्वी, जल, अग्नी, पर्वत इत्यादींच्या द्योतक मानल्या जातात. फेंगशुई, म्हणजे वास्तू आणि भूभाग यांचा मेळ पाहणारी विद्या, त्यांना दिशा नेमून देते, त्यामुळे संगणकीय खेळाच्या कथाकाराला त्यांत आयता नकाशा सापडतो. मात्र चिन्हाचा अर्थ चिन्हातच वसतो की भूमीतून येतो, हा तात्त्विक प्रश्न उरतोच.

जलाची आकृती यीचिंगमध्ये खोल गर्त व संकट सुचवते. सातारा जिल्ह्यातील, पर्जन्यछायेतल्या माण तालुक्यात घडणाऱ्या एखाद्या खेळाच्या कथेत मात्र संकट पाण्याच्या अभावाचे असते. पर्वताची आकृती थांबणे सुचवते. उलट याच तालुक्यातील शिखर शिंगणापूरच्या चैत्रयात्रेत भाविक पाण्याच्या कावडी खांद्यावर घेऊन मुंगी घाटाची अवघड चढण चढतात, म्हणजे येथे डोंगर थांबवत नाही, तर बोलावतो.

चिन्हाला खेळात कसे आणावे याचा नमुना आपल्याकडेच आहे. परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडल्या गेलेल्या मोक्षपट या सापशिडीच्या जुन्या खेळात कवड्यांचे दान दैव दर्शवते, सद्गुणाची शिडी वर नेते आणि दुर्गुणाचा साप खाली आणतो. तेथे तत्त्वज्ञान सजावटीत न राहता खेळाचा नियम बनते. त्रिरेषांचेही तसेच आहे: एक रेषा पालटताच संपूर्ण आकृती पालटते, आणि खेळाडूच्या कृतीने ती पालटणार असेल, तरच ते चिन्ह कथेत सार्थ ठरते.